बाबांच्या गुळाएवढी

हॅलो?… हां, बोल आई… कोण? ताई? अगं, नंबर आईचा दिसला म्हणून… तू गावाला कधी पोचलीस? शेलूवरनं सकाळीच निघालीस व्हय?… हां… हां, बरं केलंस. आईला मदत होईल.

नाय गं, झोपले नव्हते. बसले होते… नुसतीच. मोहोपाड्यात दुपारचं काय असतं, कंपन्यांचा वास नि डोक्यावर पंखा. कमलेश आत्ताच गेला सेकंड शिफ्टला. डबा दिला नि बसले ती बसलेच.

जेवले… हो, हो… अगं जेवले म्हणते ना. काय म्हणजे काय? काकडी खाल्ली. ताक प्यायले… ताई, तू माझं ताट तपासायला फोन केलायस का?… मंग झालं तर.

वजन? तेच हाय. पन्नास… सकाळी बघितलं, उठल्या उठल्या… गाऊन होता अंगावर. गाऊनचं काय वजन असतं?… सरकतच नाय बघ. होळीच्या आधीपासनं तिथंच बसलंय. काटा बिघडला वाटला म्हणून कमलेशला उभा केला, त्याचं बरोबर आलं. मंग तांदळाची पिशवी ठेवली. ती पण बरोबर. म्हणजे मीच बिघडलीय.

हसत नाय गं. सांगतेय.

अगं ऐक ना… ऐक. चालणं चालू हाय माझं. कॉलनीला रोज फेऱ्या मारते. वॉचमन विचारतो, वहिनी, काय हरवलं का?… भात सोडला. हो, भात. भाताच्या गावात वाढले नि भात सोडला. भाकर पण नाय. मूग, काकडी, उकडलेलं अंडं… अगं सगळं त्या समीक्षा मॅडमनी सांगितलं तसंच. ती नाय का, रसायनीची, वजनाचा ग्रुप चालवते… तीच. सत्तावन्नची पन्नासवर आले की नाय मी? धडाधड आले. नि मंग अडकलं.

विचारलं ना तिला. घरीच गेले तिच्या. तर ती मला वरपासनं खालपर्यंत बघते नि म्हणते, हर्षला, तुझं वजन जसं पायजे तसंच हाय. उंचीच्या मानानं एकदम बरोबर. याच्या खाली शरीर सोडत नाय, धरून बसतं… हो, असंच म्हणाली. म्हणाली, माझ्याकडं बाया येतात ऐंशीच्या नि नव्वदच्या, त्या तुझा फोटो बघून मला शिव्या घालतात. नि काढून टाकलं मला ग्रुपमधनं… खरंच. वजन उतरवायच्या ग्रुपमधनं हाकललेली मी पहिलीच बाई असंन.

डॉक्टरीणबाईंकडं पण जाऊन आले… त्या ओरडल्या. लेप्टोतनं उठलेलं अंग हाय, किडन्या एकदा रुसून बसल्या होत्या, नि तुझी ही कसली थेरं चाललीत, म्हणून… पाळी? नाय आली… नाय गं, तसलं काय नाय, तपासून घेतलं. वजनानंच थांबलीय म्हणाल्या.

हां… हां… कुळथाचं कढण पण केलं. ओव्याचं पाणी झालं. तुझ्या शेजारणीनं सांगितलेली मेथी झाली… ताई, आता राहिलंय काय ते तूच सांग.

… परत तेच?

नाय, माहीत हाय मला नवसाच्या गुळाचं गुरव काय म्हणाला ते. कमी पडला तर वरनं गूळ घाला, चालतो. देवीला चालंल गं. मला नाय चालत.

का म्हणजे? तो बाबांचा गूळ हाय.

… तुला माहीत हाय सगळं, तरी परत सांगते. मी पनवेलला आयसीयूत होते. लावणीला आलेली गावाला, चिखलातनं घेऊन गेले तो लेप्टो. तुमी सगळी बाहेर बाकड्यावर. नि बाबा कोणाला न सांगता गावी आले, गावदेवीपुढं उभे राहिले नि बोलले, पोर घरी येऊ दे, तिच्या वजनाएवढा गूळ वाहीन… बरोबर. नि आले मी घरी. काडी होऊन आले. बाबांनी मला गाडीतनं घरात पण जाऊ दिलं नाय, आधी भातगिरणीवर नेली नि पोत्यांच्या काट्यावर उभी केली. सत्तेचाळीस. गिरणीवाला म्हणाला, पोतं अर्धंच भरलंय काय… हां, तुला पण आठवतंय. नि दिवाळी झाल्याबरोबर कर्जतच्या बाजारातनं तेवढाच गूळ तोलून आणला नि माळ्यावर ठेवून दिला.

अगं हो, मला कळतं. लोक जत्रेच्या दिवशी तोलतात, पारड्यात माणूस बसतं नि त्या दिवशी भरंल तेवढा गूळ. बाबांना दम कुठं होता. त्यांना वाटलं, पोर आता अशीच राहणार. बरी झाली की पोर अंग धरते हे त्यांच्या डोक्यातच आलं नाय. चुकलाच त्यांचा अंदाज… नि जत्रेच्या तोंडावर तेच गेले. मंग वर्षभर काय करता आलं नाय.

… हं.

… हं, ऐकतेय.

नाय, रडत नाय. आवाज असाच झालाय माझा. ताई, तुला एक सांगू? मी रडलेच नाय… तेव्हा पण नाय. तुमाला वाटलं मोरीत जाऊन रडली. मोरीत तोंड धुतलं नि बाहेर आले, एवढंच. बाबांच्या फोटोकडं बघते तर फोटो दिसतो. हार जुना झालाय, बदलायला पायजे, असलंच काय तरी डोक्यात येतं. भूक लागत नाय. झोप लागते, पण उठल्यावर झोपल्यासारखं वाटत नाय. सगळं कसं… लाकडाचं झालंय. रडायला पायजे ते कळतं मला. येत नाय त्याला काय करू.

एकच वाटतं. एका पारड्यात मी बसायचं. दुसऱ्यात त्यांचा गूळ. नि दोन्ही पारडी बरोबरीला राहायला पायजेत, दुसऱ्या कोणाचा खडा पण न घालता. तेवढं झालं की मंग आतलं काय तरी हलंल… काय हलंल ते मला काय माहीत.

तीन किलो हायत, ताई. त्यांच्यात नि माझ्यात फक्त तीन किलो.

… हॅलो? थांब हां, पाणी आलं वाटतं. नळ तसाच उघडा ठेवलेला मी. ठेवू नको फोन… थांब…

हां. बोल. पाइप सोडला पिंपात.

जत्रा परवा हाय म्हणून काय झालं? उद्याचा दिवस हाय ना हातात. उद्या काय खायचंच नाय. पाणी पण घोटभरच… ओरडू नको. अगं ओरडू नको, घरात पाहुणे असतील… कोणच नाय? मंग आई कुठाय?… शेजारीच बसलीय? नि मी बोलले ते सगळं तिला ऐकू गेलं का?

… बरं. जाऊ दे.

काय?… काय म्हणालीस?

माळ्यावरनं कोणी उतरवला?… नवनाथनं. बरं. काकांचा नवनाथ असला की काम होतं… नि?… तोलला? कशाला तोललात तुमी? बाबांनी तोलून ठेवलेला गूळ, परत कशाला…

किती?

… परत सांग.

चौतीस.

… नाय, ऐकू आलं. चौतीस.

गिरणीचा काटा गेला असंल… दोनदा केला?… मंग पावसाळ्यात पाणी सुटलं असंल त्याला. आपल्याकडच्या हवेत गूळ घामेजतोच, नि वर पत्रा. बघ, माळ्याखाली भिंतीवर काळा ओघळ असंल… नाय? मंग डोंगळे लागले असतील… अगं, डोंगळे तेरा किलो नेणार नाय हे मला पण कळतं. उंदीर-घुशी…

… अख्खी ढेप?

एक अख्खी ढेप नाय. नि दुसरी फोडलेली… कशानं फोडलेली? विळ्यानं… म्हणजे कापून कापून काढलाय.

ताई, तू आज फोन याच्यासाठीच केलास ना. आधी वजन विचारलंस, जेवण विचारलंस… नाय, राग नाय. थांब जरा. आई का बोलत नाय? शेजारी बसलीय ना?… दे तिला… नाय बोलणार काय, दे. दे म्हणते ना.

आई?

… आई.

… रडू नको. आधी सांग. कोण नाय ओरडणार तुला.

… हं.

… हं. कधीपासनं?… बाराव्यानंतर. सगळी गेली आपापल्या घरी… हो. ताई शेलूला गेली. मी पण कमलेशच्या मागं बसले नि आले निघून. मी मागं वळून पण बघितलं नाय, आई. बघायचं सुचलंच नाय.

… संध्याकाळचा चहा. हां. दोघांचा टाकायचीस… सवयीनं. कोरा, गुळाचा, त्यांना साखरेचा आवडायचाच नाय… हं. घरातला गूळ संपला नि… नि माळ्यावर त्यांनीच आणलेला होता.

नि त्यांचा कप? तो कोण प्यायचं?

… कोण नाय.

… गार झाला की परसातल्या अळवाला ओतायचा. रोज?

… रोज.

चांगलं माजलं असंल मंग अळू. फदफदं करायला झालं… नाय गं, थट्टा नाय करत. काय बोलायचं ते सुचत नाय, म्हणून बोलले.

काय? नीट बोल, हुंदक्यात कळत नाय मला… कोण कोपली? देवी?… आई, थांब. थांब, परत सांग. देवीच्या नावाचा गूळ तू चहात घातलास, म्हणून मी वाळत चालले, असं वाटलं तुला?

… कधीपासनं वाटतंय हे?

म्हणजे मी तुला फोनवर सांगायचे, आई, आज एक किलो उतरलं, आज अजून एक उतरलं… मी आपली खुशीत सांगायचे… नि तू तिकडं फोन ठेवून देवीला हात जोडायचीस?

… आई, मी मुद्दाम उतरवत होते गं. काकड्या खाऊन. देवीचा काय संबंध? तिनं तर बरी केली मला. मी माझ्या पायानं रोज त्या काट्यावर चढायचे.

… मंग सोडायचास ना चहा, एवढी घाबरलीस तर… सोडला? कधी?… दोन दिवस. नि?… घर खायला उठलं. हं. नि परत चढलीस माळ्यावर. या वयात, शिडी लावून. पडली असतीस म्हणजे?

… हं.

राग? थांब, बघते येतोय का… नाय येत. खरंच नाय येत, आई. तुला एकटीला टाकून आलो आमी सगळी, राग कोणावर काढणार. काय तरी होतंय मला, पण राग नाय तो.

कसला आवाज?… पिंप भरलं वाटतं. वाहतंय… वाहू दे. तू बोल.

… हो, कळलं ना तुला, त्याच्यासाठीच. बाबांच्या गुळाएवढी व्हायचं होतं मला. सत्तेचाळीस. ते बोलले तेवढीच. त्यांचा अंदाज चुकला असं कोणी म्हणायला नको म्हणून…

काय?

… नाय चुकला म्हणजे?

… कधी म्हणाले?… गूळ आणला त्याच दिवशी. माळ्यावर चढवताना… तू काय म्हणालीस त्यांना?… हां, बरोबरच बोललीस, जत्रेपर्यंत पोर अंग धरंल, तेव्हा हा पुरायचा नाय. नि ते?

… परत बोल, आई. हळू बोल.

"कमी पडू दे. कमी पडला तर बरंच. परत बाजारात जाईन."

… असंच म्हणाले?

… हसून?

…

हाय गं मी. हाय. फोन चालू हाय.

म्हणजे त्यांना पायजेच होतं कमी पडायला. मी जाडी व्हायला पायजे होते… नि मी वर्षभर उलटी चाललेय. तू मला आधी का नाय सांगितलंस?… हो. तू सांगणार कशी, गुळाचा विषय निघाला की तुला चहा आठवायचा. नि मी सांगणार कशी, मला वाटायचं तू म्हणशील, खुळी झालीस. एवढ्या एका गुळावर दोघी गप्प बसलो बघ.

नाय, आई. देवीकडं मी बोलते परवा. तू नको काय बोलू. तो गूळ बाबांचा होता, बाबांच्याच कपात गेला. याच्यात खाल्लं कोणी? अळवानं खाल्लं… हस. हस थोडी. हां.

… परवा बसंन ना पारड्यात. त्यांचा हाय तेवढा तळाला ठेवा. वरनं तू घाल, ताई घालंल, नवनाथला सांग उद्या कर्जतवरनं घेऊन ये. किती आणायचा?… मी काय सांगू किती. जास्तच आणू दे. उरला तर चहाला होईल.

… नाय, उद्या उपास नाय. नाय म्हटलं ना. ताईला पण सांग, ती तिथं कान लावून बसलीय ते माहीत हाय मला.

… आई.

काय नाय, पोटात कसं तरी होतंय. आत ओढल्यासारखं… दुखत नाय. थांब… आई, भूक लागलीय वाटतं मला. … हो, आत्ता. काकडीनं नाय गं, काकडीनं भूक जाते का. ही वेगळीच हाय. मला कळतच नव्हतं काय होतंय ते. किती दिवसांनी लागतेय.

काय हाय घरात?… जवळ्याचं कालवण? नि भात हाय?… सकाळचा असू दे, चालंल. झाकून ठेव. सगळा नको संपवू म्हणावं ताईला.

हो, आजच येते. आत्ताच निघते. चौक गावापर्यंत रिक्षानं येते, तिथनं कर्जतची गाडी मिळंल कुठली तरी… कमलेशला मेसेज टाकते, तो परवा जत्रेला येईलच. काटा? काटा नाय आणत. राहू दे इथंच, तांदळाची पिशवी तोलायला.

ऐक, चहा टाकू नको इतक्यात. मी आल्यावर टाक… नाय, ताई गुळाचा पीत नाय, तिला साखरेचा वेगळा कर. आपला दोनच कप. रोजच्यासारखा.

त्यांच्या कपात मला दे.

… हां. तोच, कान तुटलेला… नाय, आज नाय गार होणार. ठेवते. नळ बंद करते आधी.